लॅपटॉप विकताय? नुसता फॉरमॅट मारून भागत नाही, ड्राइव्ह नीट पुसा

दिवाळीच्या आसपास जुने लॅपटॉप विकायला निघतात, एक्स्चेंजच्या ऑफर चालू असतात, कुणी भाच्याला देतं, कुणी लॅमिंग्टन रोडला नेऊन विकतं, कुणी ऑनलाइन फोटो टाकतं, आणि देताना सगळे एकच सांगतात, "फॉरमॅट मारलाय, काही नाही आता त्यात." बहुतेक वेळा असतं. आधारचा स्कॅन असतो, पॅन असतं, फॉर्म १६, गावच्या जमिनीचे उतारे, मुलांचे फोटो, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले बँकेचे पासवर्ड, आणि हे सगळं फुकटातलं सॉफ्टवेअर चालवून एका दुपारीत बाहेर काढता येतं. घाबरवायला लिहीत नाहीये, फक्त हे काम नीट केलं तर खरंच अवघड नाही आणि पैसेही लागत नाहीत, तरी लोक अर्धवट करतात म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी नेमकं होतं काय ते बघू. फाइल डिलीट केली, रिसायकल बिन रिकामा केला, की विंडोज त्या फाइलची नोंद काढून टाकतं आणि ती जागा मोकळी आहे असं लिहून ठेवतं, फाइलचा मजकूर डिस्कवर तसाच पडून राहतो जोपर्यंत त्याच जागी दुसरं काही लिहिलं जात नाही. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून जमीन जागची हलत नाही ना, तसंच. क्विक फॉरमॅट पण एवढंच करतो, फक्त एका फाइलऐवजी सगळी नोंदवहीच नवी कोरी करतो. रेकुवा, फोटोरेक अशी सॉफ्टवेअर नोंदवही न बघता सरळ डिस्क वाचत जातात आणि फोटो, पीडीएफ, वर्ड फाइली ओळखून बाजूला काढतात.

हे जुनं दुखणं आहे. अमेरिकेत एमआयटीतल्या दोन संशोधकांनी २००० ते २००२ च्या दरम्यान १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या, त्यातल्या १२९ चालू निघाल्या, आणि त्या १२९ पैकी नीट पुसलेल्या होत्या फक्त १२. बाकीच्यांत पाच हजारांवर क्रेडिट कार्ड नंबर, पत्रं, वैद्यकीय माहिती, एक डिस्क तर चक्क एटीएम मशीनमधली. आणि मोठ्या कंपन्याही यात फसतात, मॉर्गन स्टॅनलीला २०२२ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने साडेतीन कोटी डॉलरचा दंड लावला कारण जुने सर्व्हर आणि हार्ड डिस्क विल्हेवाट लावायला ज्यांना दिल्या त्यांना त्या कामाचा अनुभवच नव्हता आणि त्यातल्या काही वस्तू लिलावात ग्राहकांच्या माहितीसकट विकल्या गेल्या.

आता पुसायच्या आधीचं काम, आणि खरं सांगायचं तर जास्त वेळ याला द्या. पुसल्यावर परत मिळत नाही, तेच तर आपल्याला हवंय, त्यामुळे बॅकअपमध्ये घ्यायचं राहिलं ते गेलं.

लोक डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि पिक्चर्स कॉपी करतात आणि झालं म्हणतात. राहतं ते वेगळ्याच ठिकाणी असतं. टॅली वापरत असाल तर तिचा डेटा आपोआप सी ड्राइव्हच्या यूजर्समधल्या पब्लिक फोल्डरमध्ये टॅलीप्राइम नावाखाली पडतो, तुमच्या स्वतःच्या नावाच्या फोल्डरमध्ये नाही, त्यामुळे नुसतं आपलं फोल्डर उचललं की सगळ्या वर्षांचे हिशोब मागे राहतात. टॅलीतूनच बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघा. आउटलुक वापरणाऱ्यांनी पीएसटी फाइल शोधा, मेल त्यात असतात. आणि मराठीत टाइप करणाऱ्यांनी एक गोष्ट अगदी आठवणीने करा, जुन्या फाइली श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असल्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतील तर ते फॉन्टही विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून कॉपी करून घ्या, नाहीतर नव्या लॅपटॉपवर लग्नपत्रिकेपासून संस्थेच्या इतिवृत्तापर्यंत सगळं नुसत्या इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोळा दिसेल आणि फाइल खराब झाली असं वाटेल. फाइल चांगली असते, फॉन्ट नसतो.

ज्या सॉफ्टवेअरचं लायसन्स एका मशीनला बांधलेलं असतं, म्हणजे क्विक हीलसारखा अँटीव्हायरस, अॅडोबी, ऑटोडेस्क वगैरे, ते पुसायच्या आधी डिअॅक्टिव्हेट करा किंवा साइन आउट करा. लॅपटॉप गेल्यावर कस्टमर केअरला फोन करत बसण्यापेक्षा हे दोन मिनिटांचं काम आहे.

वनड्राइव्ह आणि गुगल ड्राइव्हबद्दल जरा थांबून वाचा. लॅपटॉप द्यायचाय म्हणून लोक आधी हाताने सगळे फोल्डर डिलीट करत सुटतात, आणि डेस्कटॉप वनड्राइव्हला जोडलेला असेल तर तिथे डिलीट केलेलं क्लाउडमधूनही जातं, तुमच्या नव्या लॅपटॉपमधूनही जातं, कारण सिंकचं कामच ते आहे. वनड्राइव्हच्या पर्सनल अकाउंटमध्ये ३० दिवस रिसायकल बिनमध्ये सापडतं, गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्येही ३० दिवस, नंतर संपलं. म्हणून क्रम असा, आधी वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन हा पीसी अनलिंक करा, मग पुढचं काय ते. आणि हाताने डिलीट करत बसायची मुळात गरजच नाही, आपण पूर्ण ड्राइव्हच पुसणार आहोत. अजून एक, वनड्राइव्हमध्ये ज्या फाइलवर ढगाचं चिन्ह असतं ती फाइल लॅपटॉपवर नसतेच, फक्त नाव असतं, तेव्हा वेबसाइटवर लॉगिन करून फाइली खरंच तिथे आहेत का ते बघा.

बॅकअप घेतला की तो दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून आठ-दहा फाइली उघडा, एखादा व्हिडिओ चालवा, जुन्यात जुना फोटो उघडा. मग ती बॅकअपची डिस्क काढून कपाटात ठेवा. पुढची कुठलीही पायरी करताना ती लॅपटॉपला जोडलेली नको, हे मी परत सांगणार आहे कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

आता तुमच्या मशीनमध्ये कुठल्या प्रकारचा ड्राइव्ह आहे ते बघा, कारण सगळी पद्धत त्यावर ठरते. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सवर जा, डावीकडे डिस्क ०, डिस्क १ असं दिसेल आणि शेजारी एचडीडी (फिरणाऱ्या तबकड्यांची हार्ड डिस्क) किंवा एसएसडी (चिपवर साठवणारा ड्राइव्ह) लिहिलेलं असेल. बऱ्याच लॅपटॉपमध्ये दोन्ही असतात, विंडोजसाठी २५६ जीबीची एसएसडी आणि सामानासाठी १ टीबीची हार्ड डिस्क, मग दोघांना वेगवेगळं हाताळायचं. सी आणि डी असे दोन ड्राइव्ह दिसले म्हणजे दोन डिस्क असतीलच असं नाही, एकाच डिस्कचे दोन भाग केलेले असू शकतात, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क ० च्या खाली कंसात सी आणि डी दोन्ही लिहिलेले दिसले तर डिस्क एकच आहे.

आणि हा डी ड्राइव्ह हेच आपल्याकडचं मोठं भोक आहे. दुकानात "फॉरमॅट मारून द्या" म्हटलं की बहुतेक ठिकाणी सी फॉरमॅट करून विंडोज नवीन टाकतात आणि डीला हातही लावत नाहीत, कारण एरवी गिऱ्हाईक तेच सांगतं, "डी मधलं जाऊ देऊ नका हां." सवय तीच पडलेली असते. मग विकायच्या वेळी पण सी कोराकरकरीत आणि डी मध्ये सगळं जसंच्या तसं, रिकव्हरी सॉफ्टवेअरची सुद्धा गरज नाही.

विंडोज १० किंवा ११ असलेल्या चालू लॅपटॉपसाठी सोपा रस्ता विंडोजमध्येच आहे आणि घरगुती वापरासाठी मी हाच सांगतो. चार्जर लावून ठेवा, डेस्कटॉप असेल आणि तुमच्याकडे लाइट जायची भीती असेल तर यूपीएसवर करा, सगळे पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, बाहेरच्या हार्ड डिस्क काढा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात रिकव्हरी, तिथे रीसेट पीसी (विंडोज १० मध्ये अपडेट अँड सिक्युरिटीच्या आत रिकव्हरी मिळेल). किप माय फाइल्स आणि रिमूव्ह एव्हरीथिंग असे दोन पर्याय येतात, दुसरा घ्या. पुढे क्लाउड डाउनलोड की लोकल रीइन्स्टॉल विचारेल, इंटरनेट चांगलं असेल तर क्लाउड, नाहीतर लोकल, पुसण्याच्या दृष्टीने फरक नाही.

यानंतर जी स्क्रीन येते तिथे बहुतेक जण नेक्स्ट दाबून मोकळे होतात आणि तिथेच चुकतं. त्या स्क्रीनवर बारीक अक्षरात चेंज सेटिंग्ज असं लिहिलेलं असतं, त्यावर क्लिक करा. आत क्लीन डेटा असा प्रश्न आहे, तो येस करा, नाहीतर विंडोज फाइलींच्या फक्त नोंदी काढतं. दुसरा प्रश्न डिलीट फाइल्स फ्रॉम ऑल ड्राइव्ह्ज, तोही येस करा, तरच डी पुसला जाईल. आणि याच कारणासाठी बॅकअपची डिस्क आत्ता लागलेली नको, ऑल ड्राइव्ह्ज म्हटल्यावर विंडोज कुठला ड्राइव्ह धरेल यावर पैज लावायची वेळच येऊ देऊ नका. मग कन्फर्म, नेक्स्ट, रीसेट. हार्ड डिस्कवर याला काही तास लागतात, रात्री लावून झोपा, मधे बंद करू नका.

हे झाल्यावर मशीन नव्यासारखं सुरू होऊन देश आणि कीबोर्ड विचारेल. तिथे काही भरू नका, पॉवर बटण दाबून बंद करा आणि तसंच द्या, घेणारा स्वतःच्या अकाउंटने सुरू करेल. नंतर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन डिव्हाइसच्या यादीतून जुना लॅपटॉप काढून टाका. बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणारं मशीनचं मूळ सेटिंग) पासवर्ड लावला असेल तर तोही काढायला विसरू नका, घेणाऱ्याला नंतर फार त्रास होतो.

मायक्रोसॉफ्टने स्वतःच म्हटलंय की क्लीन डेटाची सोय घरगुती ग्राहकांसाठी आहे, सरकारी किंवा औद्योगिक निकषांत ती बसत नाही. म्हणजे तुमचा घरचा लॅपटॉप असेल तर पुरे, पण सीएचं ऑफिस, दवाखाना, पतसंस्था, शाळा असं काही असेल, जिथे दुसऱ्यांची माहिती तुमच्याकडे विश्वासाने ठेवलेली आहे, तिथे पुढच्या पद्धती वापरा आणि कुठला ड्राइव्ह कधी, कसा पुसला त्याची सिरियल नंबरसकट नोंद ठेवा.

फिरणाऱ्या तबकड्यांची जुनी हार्ड डिस्क असेल तर काम सरळ आहे, पूर्ण डिस्कवर एकदा शून्य लिहायचं. एकदाच. पस्तीस वेळा लिहावं लागतं हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल, ते पीटर गुटमन या संगणक-सुरक्षा संशोधकाच्या १९९६ च्या लेखावरून आलंय, तो लेख त्या काळच्या वेगवेगळ्या प्रकारच्या डिस्क धरून लिहिलेला होता आणि आताच्या डिस्कला ३५ फेऱ्यांची गरज नाही हे त्यांनीच पुढे स्पष्ट केलं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेतही चुंबकीय डिस्कसाठी एक फेरी पुरेशी धरलीये. तेव्हा सात फेऱ्या, पस्तीस फेऱ्या असं काही निवडून डिस्क आठवडाभर दळत ठेवू नका.

डिस्क बाहेरची असेल, किंवा बंद पडलेल्या लॅपटॉपमधून काढून यूएसबी केसिंगमध्ये टाकली असेल, तर धिस पीसीमध्ये तिच्यावर राइट क्लिक, फॉरमॅट, आणि क्विक फॉरमॅटची खूण काढा. विंडोज व्हिस्टापासून पुढे या पूर्ण फॉरमॅटमध्ये सगळीकडे खरंच शून्य लिहिलं जातं, त्याआधीच्या एक्सपीत तो फक्त खराब सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) तपासायचा, म्हणून जुने लोक अजून सांगतात की फुल फॉरमॅटने पण काही जात नाही, ते एक्सपीपुरतं बरोबर होतं. वेळेचा अंदाज हवा तर, १ टीबी डिस्कला सेकंदाला १२० एमबीच्या वेगाने साधारण सव्वादोन तास लागतात, पण तीच डिस्क जुन्या यूएसबी २ पोर्टला लावली तर वेग ३०-३५ एमबीवर येतो आणि आठ-नऊ तास जातात, म्हणून निळ्या रंगाचं पोर्ट बघून लावा.

डिस्कवर तीन-चार भाग असतील तर एकेक फॉरमॅट करण्यापेक्षा डिस्कपार्ट बरं, विंडोजमधलंच, कमांड टाइप करून चालणारं. इथे कमांड मराठी अक्षरांत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, डिस्कपार्ट टाइप करा, मग लिस्ट डिस्क. सगळ्या डिस्क आकारासकट दिसतील. समजा पुसायची डिस्क १ आहे, तर सिलेक्ट डिस्क १, आणि लगेच पुढे जाऊ नका, डिटेल डिस्क टाइप करा, डिस्कचं मॉडेल आणि तिच्यावरचे भाग नावासकट दिसतील, ते वाचा. जुळलं तर क्लीन ऑल. नुसतं क्लीन नाही, त्याने फक्त भागांची नोंद जाते, ऑल लावल्यावर प्रत्येक सेक्टरवर शून्य जातं. डिस्कपार्ट "नक्की का?" असं विचारत नाही. एंटर दाबलं की सुरू. म्हणून मला पटलेला एकच नियम आहे, जी डिस्क जपायची आहे ती त्या वेळी मशीनला जोडलेलीच नसावी, लॅपटॉपमधली विंडोजची एक आणि पुसायची एक, बस. दोन्हींचा आकार सारखा असेल तर आधी पुसायच्या डिस्कला धिस पीसीमधून "पुसायची" असं नाव इंग्रजी अक्षरांत देऊन ठेवा, मग डिटेलमध्ये गोंधळ होत नाही.

क्लीन ऑल चालू असताना स्क्रीनवर काही हलत नाही, टक्केवारी नाही, काही नाही, लोकांना वाटतं हँग झालं आणि वायर उपटतात. टास्क मॅनेजरमध्ये त्या डिस्कची हालचाल दिसत असेल तर काम चालू आहे, चालू द्या. संपल्यावर डिस्क पूर्ण कोरी असते, परत वापरायची तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन इनिशियलाइज करा, जीपीटी निवडा, नवीन सिंपल व्हॉल्यूम बनवा.

एसएसडीचं गणित वेगळं. एसएसडीमध्ये तुम्ही ज्या जागी लिहा म्हणता तिथेच ती लिहीत नाही, आतला कंट्रोलर सगळ्या चिप सारख्या झिजाव्यात म्हणून दरवेळी वेगळ्या जागी लिहितो, शिवाय काही जागा राखीव असते जी विंडोजला दिसतच नाही. त्यामुळे वरून शून्य लिहिलं तरी आतल्या कुठल्यातरी कोपऱ्यात जुना तुकडा राहू शकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे तपासलं होतं, एकेक फाइल "श्रेड" करायच्या ज्या युक्त्या आहेत त्या एसएसडीवर चालत नाहीत असं त्यांना आढळलं, आणि अख्खी एसएसडी दोनदा वरून लिहिली तरी बहुतेक वेळा पुसली जाते पण दर वेळी नाही. विंडोजमध्ये ट्रिम नावाची सोय असते, डिलीट किंवा फॉरमॅट केलं की ती एसएसडीला सांगते की ही जागा आता मोकळी कर, त्यामुळे लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर साधं रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं तर बऱ्याचदा हाती काही लागत नाही. (याची उलटी बाजू लक्षात ठेवा, एसएसडीवरून चुकून डिलीट झालेलं परत मिळायची आशा फार कमी.) पण ट्रिमवर भरवसा ठेवून एसएसडी विकू नये, बाहेरच्या यूएसबी केसिंगमधून ती सूचना पोचेलच असं नाही.

मग दोन खात्रीचे मार्ग. एक, एसएसडीलाच सांगायचं की तू स्वतःला पूस. याला सिक्युअर इरेज म्हणतात, काम कंट्रोलर करतो म्हणून राखीव जागाही पुसली जाते, आणि हार्ड डिस्कसारखे तास न जाता बहुधा काही मिनिटांत संपतं. डेलच्या बऱ्याच लॅपटॉपच्या बायोसमध्ये डेटा वाइप असतं, एचपीच्या ऑफिससाठीच्या मॉडेलमध्ये सिक्युअर इरेज असतं, तिथे नसेल तर एसएसडी बनवणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर बघा, सॅमसंगचं मॅजिशियन, क्रुशियलचं स्टोरेज एक्झिक्युटिव्ह वगैरे. ज्यांना लिनक्सची सवय आहे त्यांनी लाइव्ह पेनड्राइव्हवरून (लॅपटॉपमधलं विंडोज न वापरता पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स) बूट करून साटा एसएसडीला एचडीपार्म आणि एनव्हीएमई एसएसडीला एनव्हीएमई-सीएलआय वापरा, एनव्हीएमईच्या फॉरमॅट कमांडमध्ये एसईएस १ दिलं की डेटा पुसतो, २ दिलं की आतली एन्क्रिप्शनची (डेटा कुलूपबंद करणारी) किल्ली बदलते. साटा ड्राइव्ह "फ्रोझन" दाखवत असेल तर लॅपटॉप स्लीपला टाकून परत उठवा, बहुतेक वेळा सुटतो. डीबॅन नावाचं जुनं प्रसिद्ध सॉफ्टवेअर मात्र एसएसडीसाठी वापरू नका, ते हार्ड डिस्कच्या काळातलं आहे.

दुसरा मार्ग एन्क्रिप्शनचा, आणि सर्वसामान्य माणसाला हा जास्त झेपतो. आधी सगळा ड्राइव्ह कुलूपबंद करायचा, मग किल्लीसकट पुसायचा, कुठे तुकडा राहिला तरी तो वाचता येणार नाही. विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर आहे, होममध्ये बऱ्याच लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन मिळतं, नाहीच तर व्हेराक्रिप्ट फुकट आहे. बिटलॉकर विचारतो की फक्त वापरलेली जागा एन्क्रिप्ट करू की सगळा ड्राइव्ह, तिथे सगळा ड्राइव्हच निवडा, नाहीतर पूर्वी डिलीट केलेलं उघडंच राहतं. एन्क्रिप्शन पूर्ण झालं की वर सांगितलेला रीसेट क्लीन डेटासकट करा. माझं मत विचाराल तर नवा लॅपटॉप घेतल्या दिवशीच एन्क्रिप्शन चालू करावं, चोरीला गेला तरी माहिती सुरक्षित आणि विकायच्या वेळचं अर्धं काम आधीच झालेलं. फक्त ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घरात ठेवा, बायोसमध्ये काही बदललं की लॅपटॉप ती मागतो आणि नसली तर तुमचाच डेटा तुम्हालाच मिळत नाही.

मॅकवाल्यांचं काम थोडक्यात. अॅपलची स्वतःची चिप किंवा इंटेलसोबत अॅपलची टी२ ही सुरक्षेची चिप असेल आणि मॉन्टेरे किंवा पुढचं मॅकओएस असेल, तर सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, ट्रान्सफर ऑर रीसेट, तिथे इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज (मॉन्टेरेत ते सिस्टिम प्रेफरन्सेसच्या मेनूत सापडेल). तिथे डेटा आधीच एन्क्रिप्टेड असतो, किल्ली नष्ट होते, काही मिनिटांत संपतं. फाइंड माय बंद झालंय ना ते बघा, नाहीतर घेणाऱ्याकडे मॅक अॅक्टिव्हेशन लॉकवर अडकेल. जुना इंटेल मॅक असेल तर आधी फाइलव्हॉल्ट (मॅकचं एन्क्रिप्शन) चालू करा, पूर्ण होऊ द्या, आयक्लाउडमधून साइन आउट करा, मग कमांड आणि आर दाबून सुरू करून डिस्क युटिलिटीतून पुसा.

पुसलेलं खरंच पुसलंय का हे तपासा. ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून रेकुवाचा डीप स्कॅन किंवा फोटोरेक चालवा, एकही ओळखीची फाइल दिसता कामा नये. लॅपटॉपमधून काढता येत नसेल तर निदान लाइव्ह पेनड्राइव्हवरून फोटोरेक चालवून बघा. विंडोज नव्याने टाकलेलं असेल तर त्याच्या स्वतःच्या फाइली आणि चित्रं दिसतील, त्या सोडा, तुमचं काही दिसतंय का ते बघा.

पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डला पूर्ण फॉरमॅट एकदा करा, घरात वापरायला तेवढं बास, पण त्यावर कधी महत्त्वाचं काही ठेवलं असेल तर विकू नका, कुणाला देऊ पण नका, किंमतच किती असते. कॅमेऱ्याचं कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावं, नाहीतर एसडी असोसिएशनचा फुकट मिळणारा फॉरमॅटर वापरावा. स्वतःसाठी फॉरमॅट करताना कुठली फाइल सिस्टिम घ्यायची हे नेहमी विचारतात, तर विंडोज आणि मॅक दोन्हीकडे फिरवायचा असेल तर एक्सफॅट, फक्त विंडोजवर राहणाऱ्या हार्ड डिस्कला एनटीएफएस (मॅक ती वाचतो पण तिच्यावर लिहीत नाही), आणि गाडीतला जुना म्युझिक सिस्टिम किंवा जुना टीव्ही असेल तर फॅट३२, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही एवढं लक्षात ठेवा. १ टीबीची डिस्क फॉरमॅट केल्यावर ९३१ जीबी दिसते म्हणून घाबरू नका, फसवणूक नाही, कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

एक प्रसंग असा आहे जिथे फॉरमॅट अजिबात करायचं नाही. पेनड्राइव्ह किंवा डिस्क लावल्यावर विंडोज म्हणतं की वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल, आणि बटण समोरच असतं. आत तुम्हाला हवं असलेलं काही असेल तर कॅन्सल दाबा, डिस्क काढा, दुसरं पोर्ट, दुसरी वायर, दुसरा कॉम्प्युटर करून बघा. तरी तेच आलं तर डिस्कवर काहीही न लिहिता टेस्टडिस्क या रिकव्हरी सॉफ्टवेअरने बघायचा प्रयत्न करा, आणि सापडलेल्या फाइली दुसऱ्या ड्राइव्हवर काढा, त्याच डिस्कवर कधीच नाही. हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल तर लगेच बंद करा, जितकी चालवाल तितकी बिघडेल, ते काम डेटा रिकव्हरीवाल्याचं.

घरातल्या आणि सोसायटीतल्या बाकीच्या डिस्कही आठवा. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये हार्ड डिस्क असते, ऑफिसच्या मोठ्या झेरॉक्स मशीनमध्येही असू शकते आणि त्यात कॉपी काढलेल्या कागदांच्या प्रती राहू शकतात, मशीन बदलताना ही डिस्क पण पुसून घ्या किंवा काढून घ्या.

उरली ती मेलेली डिस्क, जी सुरूच होत नाही. सुरू होत नाही म्हणजे वाचता येत नाही असं नाही, बऱ्याचदा नुसतं सर्किट बोर्ड गेलेलं असतं आणि तबकड्या ठणठणीत असतात. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो सॉफ्टवेअरमध्ये रिअॅलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बाजूला काढलेले) जास्त दाखवणारी डिस्क पण याच रांगेत, कारण ते बाजूला काढलेले सेक्टर वरून लिहिलं तरी पुसले जात नाहीत. लोहचुंबक फिरवून काही होत नाही, मायक्रोवेव्हमध्ये घालायचे व्हिडिओ फिरतात ते तर अजिबात करू नका, आग लागेल. हार्ड डिस्कला तबकड्यांतून आरपार तीन-चार ठिकाणी ड्रिल मारा, डोळ्यांना चष्मा लावून आणि डिस्क कापडात गुंडाळून, कारण लॅपटॉपच्या छोट्या डिस्कच्या तबकड्या बऱ्याचदा काचेच्या असतात आणि फुटून तुकडे उडतात. एसएसडी उघडून आतल्या प्रत्येक काळ्या चिपचे तुकडे झाले पाहिजेत, नुसतं कव्हर वाकवून उपयोग नाही.

आणि ते तुकडे ओल्या-सुक्या कचऱ्यात नाहीत. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून देशभर लागू आहेत, नोंदणीकृत रिसायकलरकडे द्या, बऱ्याच महापालिका आणि संस्था ठराविक दिवशी ई-कचरा गोळा करतात तिथे द्या. ऑफिसच्या डिस्क असतील तर देताना सिरियल नंबरची यादी त्यांच्या सहीने घ्या आणि डिस्क नष्ट केल्याचं सर्टिफिकेट आल्याशिवाय फाइल बंद करू नका.